सेवकाई फोनवर मावते का? खानदेशातल्या पाळकांपुढचे प्रश्न

मंडळी, हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे काय आहे ना' थोडे छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. एसटीत बसल्यावर हेडफोन घरी राहिल्याचं ज्यांना आठवतं, त्यांच्यासाठी खास.

आजचा शब्द आहे 'सेवकाई'. तुमच्या वर्गात किंवा शेजारी कुणी ख्रिस्ती मित्र असेल, तर त्याच्या घरी हा शब्द कानावर पडला असेल. पाळक, म्हणजे पास्टर, जे काही करतो ते सगळं सेवकाई. रविवारची उपासना घेणं, संदेश देणं हा त्यातला दिसणारा भाग. पण लग्न लावणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयताच्या घरी रात्र काढणं, नवरा-बायकोचं भांडण मिटवणं, दहावीत नापास झालेल्या पोराला घरी परत आणणं, हेही त्यातच येतं. कॅथलिक लोकांमध्ये यातलं बरंचसं काम फादर आणि सिस्टर करतात.

'मंडळी' हा शब्दही बघा. मी तुम्हाला सहज मंडळी म्हणालो. मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोक मात्र चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांच्या समूहालाच मंडळी म्हणतात. भिंती आणि छप्पर नंतर, आधी माणसं.

आता प्रश्न असा. उपासना यूट्यूबवर आहे. बायबल अ‍ॅपमध्ये आहे. गाणी मोबाइलमध्ये आहेत. प्रार्थनेची विनंती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की दोन मिनिटांत वीस जण हात जोडतात. मग जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या चाळीस-पन्नास माणसांच्या मंडळीला पाळक कशाला लागतो?

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. जे जे फोनवर नेता येईल ते न्यायचं, यावरच माझं पोट चालतं. तरी या प्रश्नाला माझं उत्तर 'लागतो' असंच आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त लागतो. कुणी कोणता धर्म पाळावा हे सांगायला मी बसलेलो नाही. पण आपल्याच भागातल्या एका छोट्या समाजाचं काय चाललंय, ते नीट समजून घेऊ.

आधी खानदेशचा नकाशा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक होते सुमारे १० लाख ८० हजार. म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. त्यातले पुष्कळसे मुंबई, वसई, ठाणे, पुणे या पट्ट्यात. खानदेशात संख्या विरळ. आणि जे आहेत ते सगळे एका साच्यातले नाहीत.

भुसावळचं उदाहरण घ्या. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. रेल्वेच्या नोकरीसाठी बाहेरून कुटुंबं आली, त्यात अँग्लो-इंडियन, गोव्याकडचे, दक्षिणेकडचे ख्रिस्ती होते. तिथल्या चर्चमध्ये इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी नांदली.

दुसरा प्रकार मिशनच्या काळातल्या मंडळ्यांचा. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले. पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे आणि नंदुरबार. पूर्व खानदेश आणि वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केलं, तर पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. त्या काळातल्या मंडळ्या आजही आहेत, फक्त आता चालवणारी माणसं इथलीच आहेत.

तिसरा प्रकार आदिवासी पट्ट्यातला. नवापूर, साक्री, नंदुरबार. मावची आणि भिल्ल कुटुंबं. इथे ख्रिस्ती लोकांची संख्या खानदेशच्या बाकी भागापेक्षा बरीच जास्त. आणि चौथा प्रकार, गेल्या काही दशकांत घराघरांत सुरू झालेल्या स्वतंत्र प्रार्थनासभा. त्यांना मोठ्या चर्चसंस्थेचा आधार नसतो आणि वर विचारणारंही कुणी नसतं.

हा फरक लक्षात ठेवा, कारण प्रत्येकाची अडचण वेगळी आहे.

अल्गोरिदमला पाळक होता येत नाही

यूट्यूब तुम्हाला पुढचा व्हिडिओ कोणता दाखवतं? कोणता खरा आहे, हे ते आधी बघत नाही. तुम्ही कशावर क्लिक कराल, कशावर जास्त वेळ थांबाल, याचा अंदाज बांधून ते यादी लावतं. आमच्या भाषेत हे रेकमेंडेशन. यात कुणाचा दुष्ट हेतू असायची गरज नाही, गणितच तसं असतं.

आता दोन व्हिडिओ समोर ठेवा. एकात धुळ्याकडचा पाळक पंख्याच्या घरघरीत, शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्टीत पस्तीस मिनिटं क्षमा या विषयावर बोलतोय. दुसऱ्यात प्रचंड स्टेज, धूर, ढोल, आणि थंबनेलवर लिहिलंय 'हात लावताच आजार गायब'. कोणता वर येईल? हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग होतं काय, की गावचा पाळक रविवारी समोर बसलेल्या पोरांच्या नजरेत त्या स्टेजशी स्पर्धा करत असतो. पोरांना वाटतं आपला पाळक बोअर आहे. पाळकाला वाटतं आपणही असंच केलं पाहिजे. आणि तिथून गाडी घसरते.

कारण हा विषय नुसत्या मनोरंजनाचा नाही. समजा, साक्री तालुक्यातल्या एका मुलीला टीबीचं औषध सुरू आहे. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं. त्याच वेळी तिला रोज 'विश्वास ठेव, तू बरी झालीस' असे व्हिडिओ दिसताहेत. तिने गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो, आणि नेहमीची औषधं लागू न पडणारा टीबी व्हायचा धोका वाढतो. सिकलसेलचंही तसंच. हा रक्ताचा आनुवंशिक आजार सातपुड्याच्या आदिवासी भागात आढळतो आणि त्याचे उपचार वर्षानुवर्षं चालतात. तिथे 'औषध बंद कर' हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो एका धर्मासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे कमावणं हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणं हाही गुन्हा आहे.

आणि गंमत बघा, खानदेशातली जुनी सेवकाई याच्या अगदी उलट बाजूला उभी होती. नवापूर तालुक्यात चिंचपाडा इथे मिशनचं रुग्णालय आहे. १९४० च्या दशकात सुरू झालेलं हे रुग्णालय आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था चालवते. तिथे प्रार्थनाही होते आणि ऑपरेशनही होतं. दोन्हींत भांडण आहे असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं असतं, तर त्यांनी ऑपरेशन थिएटर बांधलंच नसतं. त्यामुळे 'विश्वास की औषध' हा झगडा आपल्या भागातल्या ख्रिस्ती परंपरेतून आलेला नाही, तो बराचसा स्क्रीनवरून घरात शिरलाय.

त्या मुलीला घरी जाऊन, तिच्या आईसमोर बसून, 'बेटा, प्रार्थना करू, पण गोळी चुकवायची नाही' असं सांगणारा कुणीतरी लागतो. दुसऱ्या आठवड्यात परत येऊन पाकीट तपासणारा लागतो. हे काम नोटिफिकेशनचं नाही.

पोरं पुण्यात, मंडळी गावात

दुसरी अडचण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. शिकलेली पोरं गावात राहत नाहीत. जळगावहून पुणे, मुंबई. धुळे-नंदुरबारहून नाशिक, सुरत. मीही त्यातलाच.

मोठ्या समाजाला हे खपून जातं. पन्नास माणसांच्या मंडळीतून आठ तरुण गेले की गाणं म्हणणारा जातो, ढोलक वाजवणारा जातो, संडे स्कूल घेणारी जाते. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं. शहरात गेलेल्यांचंही सोपं नसतं. पुण्यात मोठं चर्च मिळतं, साउंड सिस्टिम झकास असते, पण तीन महिने गेलात तरी तुमचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

आदिवासी पट्ट्यात स्थलांतर वेगळ्या जातीचं. दिवाळी झाली की ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे पाळकाची अर्धी मंडळी पाच-सहा महिने दुसऱ्या राज्यात, पालावर. नाताळही तिथेच. आता अशा मंडळीचा रविवार कुठे भरवायचा? जे पाळक पदरमोड करून पालावर जाऊन येतात, त्यांची सेवकाई कुठल्याही चॅनलवर दिसत नाही.

पदरमोड म्हटलं म्हणून पैशाचंही बोलू. बहुतेक छोट्या मंडळ्या दानावर आणि दशांशावर चालतात. दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. पण मजुरी करणाऱ्या पन्नास माणसांचा दशांश किती होणार? पूर्वी काही ठिकाणी परदेशी मदतीचा टेकू असायचा. तो आता फार अवघड झालाय. परदेशातून देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, एका संस्थेला तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलीय. मोठ्या संस्थेकडे सीए असतो. खेड्यातल्या पाळकाकडे एक डायरी असते.

त्यामुळे पाळक आठवडाभर रिक्षा चालवतो, शिकवण्या घेतो, शेतात राबतो आणि रविवारी उपासना घेतो. एका बाजूने हे कष्टाचं आहे. दुसऱ्या बाजूने, मंडळीतल्या लोकांचा सोमवार कसा असतो हे त्याला स्वतःच्या अंगावरून कळतं.

पगार सोडणारा कवी

हे सगळं नवीन आहे असं वाटत असेल, तर शंभर वर्षं मागे चला. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणस्थ ब्राह्मण कुटुंब. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने हातात बायबलचा नवा करार ठेवला. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. किंमत मोठी होती. घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या परतल्या, पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. मराठीतलं हे आत्मचरित्र वाचलं नसेल तर यादीत टाका.

टिळकांना खटकत होतं ते हे, की मराठी माणसाने ख्रिस्ती व्हायचं तर परदेशी चालीवर, परदेशी थाटात का? म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

आता खानदेशचा धागा. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९०, गाव धरणगाव, जिल्हा जळगाव. १९०७ मध्ये जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे सतरा वर्षांच्या ठोमरेंनी कविता म्हटली आणि त्यांना नाव मिळालं 'बालकवी'. हेच बालकवी काही काळ टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. बालकवींनी धर्म बदलला नाही, आणि त्यासाठी त्यांचं ताट कुणी बाजूला केलं नाही. १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्टेशनवर रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा ते अठ्ठावीसही पूर्ण नव्हते.

टिळकांच्या घरातलं ते ताट, ती झोपायची जागा, ते रागावणं आणि समजावणं, हीच सेवकाई होती. लाखो लोकांपर्यंत पोचणं वेगळं आणि एका हळव्या, चंचल पोराला घरात ठेवून घेणं वेगळं.

भाषेचा प्रश्नही तिथून आजपर्यंत आलाय. प्रमाण मराठी बायबल आपल्या आजीला पुस्तकी वाटतं. आज अहिराणी आणि मावची भाषांमधला नवा करार मोबाइलवर उघडता येतो. इथे फोनला पूर्ण मार्क द्यायला हवेत. छापखान्याला जे परवडलं नसतं, ते अ‍ॅपने करून दाखवलं. पण स्क्रीनवर अहिराणी असून भागत नाही. 'काय माय, कशी शे?' असं विचारत दारात येणारा माणूसही त्याच भाषेत बोलायला हवा.

संशय, कायदा आणि सातबारा

आता सगळ्यात अवघड भाग. तो टाळला तर हा एपिसोड अर्धवट राहील.

ख्रिस्ती सेवकाई म्हटलं की 'धर्मांतर' हा शब्द लगेच येतो. कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपलं म्हणणं मांडता येतं, समोरच्याच्या मनावर मालकी सांगता येत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पाळकाला रोज चालावं लागतं. आजाऱ्यासाठी तांदूळ नेले तर कुणी म्हणेल माणुसकी, कुणी म्हणेल आमिष.

जातीचा दाखला हा आणखी एक पेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आले नाहीत. त्यामुळे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की तो दर्जा जातो, जात मात्र गावाच्या लक्षात राहते. अनुसूचित जमातींच्या बाबतीत अशी धर्माची अट नव्हती, म्हणून आदिवासी पट्ट्यातला वाद वेगळ्या रस्त्याने चालतो.

तिसरा पेच जागेचा. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या अनधिकृत चर्चचा विषय निघाला आणि सरकारने कारवाईचं आश्वासन दिलं. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. घरात चार माणसांनी बसून प्रार्थना करणं ही एक. बांधकाम ही दुसरी. खेड्यात बऱ्याचदा मंडळीतलाच एखादा शेतकरी आपल्या शेतातला तुकडा देतो आणि त्यावर पत्र्याची शेड उभी राहते. सातबारा त्याच्याच नावावर, जमीन शेतीची, परवानगी कागदावर नाही. असं फक्त चर्चचं होतं असं नाही, हे तुम्हाला गावात फेरी मारली तरी दिसेल. पण संख्येने कमी असलेल्याला कागद नसणं जास्त महाग पडतं. म्हणून आज पाळकाला बायबलइतकाच सातबारा वाचता यावा लागतो. आणि नियम लावायचा तर सगळ्यांना सारखा लावावा, ही अपेक्षाही रास्त आहे.

अशा वेळी पाळकाची खरी कमाई कोणती? शेजारी. ज्याने गावातल्या विहिरीच्या कामाला हात लावला, पोळ्याला, लग्नाला, मयताला हजेरी लावली, त्याच्याबद्दल अफवा आली तर शेजारीच म्हणतात, 'आम्ही ओळखतो त्याला.' ऑनलाइन फॉलोअर तिथे साक्ष द्यायला येत नाहीत.

मग फोन बंद करायचा का?

अजिबात नाही. पालावरच्या कुटुंबाला व्हिडिओ कॉल लावा. आजीला अहिराणीतलं वचन ऐकवा. हिशेब ग्रुपवर टाका. पुण्यातल्या पोरांनी दर महिन्याला यूपीआयने शंभर-दोनशे रुपये गावच्या मंडळीला पाठवले, तर पाळकाच्या गाडीचं पेट्रोल सुटतं. हे सगळं फोनमुळेच शक्य आहे.

फक्त स्क्रीनवरच्या कुणालाही 'माझा पाळक' म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा. ही यादी कोणत्याही धर्मातल्या बुवा, बाबा, गुरू, मोटिव्हेशनल स्पीकर, सगळ्यांना लागू पडते.

एक, हा माणूस मला नावाने ओळखतो का? माझ्या घरात कुणी गेलं तर येईल का, किंवा कुणाला तरी पाठवेल का?

दोन, तो माझी औषधं, माझं शिक्षण, माझी घरची माणसं यांच्यापासून मला तोडतोय का? तोडत असेल तर तिथेच थांबा.

तीन, पैसे घेतो तर हिशेब दाखवतो का? आणि त्याला प्रश्न विचारलेला चालतो का?

तिन्हींना 'हो, नाही, हो' असं उत्तर मिळालं तर ठीक. आणि अशी उत्तरं बऱ्याचदा त्या पंख्याच्या घरघरीत बोलणाऱ्या, बोअर वाटणाऱ्या माणसाकडे मिळतात.

तुम्ही ख्रिस्ती असाल आणि सुट्टीत गावी जाणार असाल, तर एक रविवार तिकडच्या मंडळीत बसून या. उपासना संपल्यावर पळू नका, चहाला थांबा. पाळकांना विचारा, 'आठवडाभर काय काय केलंत?' उत्तर ऐकायला अर्धा तास लागेल, तयारीने जा. ख्रिस्ती नसाल, तर या नाताळला शेजारच्या घरचा केक घेताना त्यांच्या मंडळीत किती माणसं उरलीत, एवढं तरी विचारा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावच्या जुन्या चर्चबद्दल, मिशनच्या शाळेबद्दल किंवा दवाखान्याबद्दल काही आठवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, एका मिनिटाच्या आत. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कुणाचं औषध सुरू असेल तर त्याला आज एक फोन करा.